गप्प बसणारं मशीन

मी एन्टर दाबलं आणि काहीच झालं नाही.

मशीन एरवी बोलायचं. एकेक अक्षर दाबलं की ते अक्षर म्हणून दाखवायचं, सर्दी झालेल्या माणसानं नाकातून पाढे म्हणावेत तसं. त्या दुपारीही ते 'एम, व्ही' म्हणालं, पुढची नावं म्हणालं, आणि मी हुकूम सोडल्याबरोबर गप्प झालं. मी स्पीकरला कान लावला. आतल्या पंख्याची घरघर तेवढी येत होती.

"ऐकलंच नाही वाटते त्यानं," मी म्हणाले.

"मंग पुन्हा सांग," पुढच्या खोलीतून द्वारकामाय म्हणाली. "बहिरं असन."

मी तोच हुकूम पुन्हा टाइप केला, या वेळी कळा जरा जोरात दाबल्या, आणि एन्टर मारलं. आता ते बोललं. नाकातून, शांतपणे, इंग्रजीत बोललं की अशी फाईल नाही, असं फोल्डर नाही.

मी कळांवरून हात काढले.

"काय म्हणते?" द्वारकामायनं विचारलं.

"शेळी नाही म्हणते."

"कोणाची शेळी?"

"वाशीमच्या बाईंची. आता होती. मीच नाव वदवून घेतलं होतं."

द्वारकामायनं हातातला वेत खाली ठेवला. तो फरशीवर टेकल्याचं मला ऐकू आलं. "तू हाकलली कुठी तिले?"

"पशुपालनात."

"मंग तिथं नसन गेली. शेळी हाय ते, मधीच कुठी चरत असन."

तिथल्या बाया हसल्या. मला हसू आलं नाही. ती शेळी म्हणजे शेळीपालनावरचं एक पुस्तक होतं. वाशीमच्या एका निवृत्त शिक्षिकेनं घसा कोरडा करून ते आमच्यासाठी मोठ्यानं वाचून रेकॉर्ड केलं होतं. आणि शनिवारी राजूरकर साहेब माझं काम बघायला येणार होते.

हे अकोल्यातलं, बऱ्याच वर्षांपूर्वीचं. दृष्टिहीन बायकांचं आमचं एक उद्योगगृह होतं. उद्योग म्हणजे खुर्च्या विणणं. आंधळ्या माणसाला काय येतं हे डोळसांनी आधीच ठरवून टाकलेलं असतं. खुर्च्या विणा, मेणबत्त्या करा, नाही तर गाणं म्हणा. मी अकरावीत असताना माझे डोळे गेले. तोपर्यंत मी वर्गात पुढं बसणारी, सरांना उलट प्रश्न विचारणारी मुलगी होते. डोळे गेल्यावर एका वर्षात मी 'बिचारी पंचशीला' झाले आणि पाहुणे मला विचारायला लागले, गातेस का गं. मी गात नव्हते. माझा आवाज फाटका आहे. मग उरल्या खुर्च्या.

खुर्च्या मला जमायच्या नाहीत. वेतानं बोटं कापायची, वीण तिरकी जायची, आणि द्वारकामाय ती उसवून पुन्हा करायला लावायची. द्वारकामाय जन्मापासून आंधळी, साठीला आलेली, आमच्या सगळ्यांची मुकादम. तिच्या बोटांना एक घर चुकलेलं कळायचं.

त्याच इमारतीत मागच्या खोलीत बोलक्या पुस्तकांचं ग्रंथालय होतं. बाहेरचे लोक पुस्तकं वाचून रेकॉर्ड करून पाठवायचे, आणि ती आमच्यासारख्यांना गावोगाव जायची. सांभाळायला एक डोळस मुलगा होता. तो पुण्याला निघून गेला. जाताना त्यानं सगळी रेकॉर्डिंग्ज एका फोल्डरात कोंबून ठेवली, आरोग्य, शेती, कादंबऱ्या, सगळ्याचा एकच ढीग. त्याच्या जागी कुणाला घ्यायचं हा प्रश्न आला तेव्हा मोहरील सर म्हणाले, पंचशीलाला घ्या.

मोहरील सर टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. ते आमच्याकडे फुकट यायचे आणि फुकट येणाऱ्या बाकीच्यांसारखे केळी वाटत बसायचे नाहीत. एका कॉलेजनं टाकून दिलेला कॉम्प्युटर त्यांनी आणला, त्यात लिनक्स नावाचं सॉफ्टवेअर घातलं, कारण ते फुकट होतं आणि त्यात बोलणारा आवाजही फुकट होता. पडदा त्यांनी पहिल्याच दिवशी काढून माळ्यावर टाकला. म्हणाले, "जागा खातो, वीज खातो, आणि तुम्हाला त्याचा उपयोग शून्य." मला त्यांचं हे बोलणं फार आवडलं. दुसरं कुणी असतं तर 'तुम्हाला' म्हणण्याआधी दोनदा अडखळलं असतं.

माऊस त्यांनी दिलाच नाही. बाण नेऊन चित्रावर ठेवा, हे सगळं डोळ्यांचं काम. इथं नुसती काळी पाटी आणि शब्द. तुम्ही शब्दात सांगायचं, ते शब्दात करणार. मला वाटलं, हे मशीन आमच्यासाठीच काढलंय, डोळसांना उगाच वाटतं त्यांचं आहे.

पहिला हुकूम सरांनी शिकवला तो 'पीडब्ल्यूडी'.

"ते रस्तेवाले?" द्वारकामायनं विचारलं होतं.

"नाही हो. याचा अर्थ, मी आत्ता कुठं आहे?"

मी टाइप केलं आणि त्यानं सांगितलं, तू इथं आहेस, या घरात, या खोलीत. बस एवढंच. आंधळ्या माणसानं भर रस्त्यात 'मी कुठं आहे' विचारलं की काय होतं ते मला विचारा. लोक आधी च्च च्च करतात, मग दंड धरतात आणि विचारलेलं सोडून भलत्याच ठिकाणी नेऊन उभं करतात. या मशीननं दंड धरला नाही. मी ते दिवसभर विचारत बसले. मी कुठं आहे? इथं. मी कुठं आहे? इथं.

मग 'एलएस' म्हणजे इथं काय काय पडलंय ते सांग. 'सीडी' म्हणजे अमक्या खोलीत चल. 'एमव्ही' म्हणजे ही वस्तू उचल आणि तिथं ठेव. सरांनी मशीनमध्ये विषयवार कपाटं करून दिली होती, पशुपालन, आरोग्य, कादंबरी, आणि ढिगातलं एकेक पुस्तक ज्याच्या त्याच्या कपाटात लावणं हे माझं काम. ते मला जमतं का, हे शनिवारी राजूरकर साहेब बघणार होते. साहेब संस्थेचे चिटणीस. नाही जमलं तर पेपरात जाहिरात देऊन डोळस माणूस घेणार, हे त्यांनी सांगूनच टाकलं होतं. आणि मी पुन्हा वेताकडे.

अशा वेळी शेळी गेली.

मी ढिगातल्या सगळ्या फायली म्हणवून घेतल्या. नव्हती. तिसऱ्यांदा हुकूम दिला. तेच, अशी फाईल नाही. मग मी मशीन बंद केलं आणि माझ्या जागेवर येऊन वेत हातात घेतला.

"सांगणार हायेस का सराले?" द्वारकामाय म्हणाली.

"सांगीन. नाही तं काय लपवू?"

"मी कुठी म्हटलं लपव. मी म्हटलं, चहा पिऊन सांग. उपाशी पोटी तू लोकायले खाते."

दुसऱ्या दिवशी सर आले. मी त्यांना बसूही दिलं नाही.

"सर, तुमच्या मशीननं वाशीमच्या बाईंचं पुस्तक गिळलं."

"मशीननं की तू?"

"मी बरोबर हुकूम दिला होता."

"बरं. काय दिला ते सांग."

मी अक्षर अन् अक्षर सांगितलं. त्यांनी मध्ये तोडलं नाही. तोंडात सुपारी फिरवत ऐकत राहिले.

"मग ते काय म्हणालं?"

"म्हणालं, अशी फाईल नाही."

"लगेच म्हणालं?"

"नाही. आधी काही बोललंच नाही. मला वाटलं ऐकलं नसेल, म्हणून पुन्हा दिला. तेव्हा म्हणालं."

सरांची सुपारी थांबली. "पहिल्यांदा काहीच बोललं नाही?"

"नाही ना. मेल्यासारखं बसलं."

मोहरील सर हसायला लागले. मला राग आला. आंधळ्यासमोर माणूस हसायला लागला की तो कशाला हसतोय ते कळत नाही, आणि बहुतेक वेळा तो आपल्यालाच हसत असतो.

"अगं बाई, काम झालं होतं म्हणून नाही बोललं. याची पद्धतच तशी आहे. काम झालं की हे गप्प. अडलं तरच तोंड उघडतं. पहिल्याच हुकमाला पुस्तक उचलून कपाटात ठेवलं त्यानं. तू दुसऱ्यांदा म्हणालीस, तेच पुस्तक इथून उचल. इथं आता काय आहे? म्हणून म्हणालं, नाही. कपाटात बघ."

मी पशुपालनाच्या कपाटात गेले आणि 'एलएस' दिलं. नाकातला आवाज म्हणाला, शेळी.

"सापडली का वं?" तिकडून आवाज आला.

"सापडली. गोठ्यातच होती."

"मी म्हटलंच होतं चरत असन."

पण माझा राग गेला नव्हता. उलट आता त्याला नीट जागा मिळाली.

"हे कोणी ठरवलं?" मी सरांना विचारलं.

"काय?"

"की काम झालं की गप्प बसायचं. इथं कोणी आलं की दारातून आपलं नाव सांगतं. टेबलावरची कात्री घेतली तर 'घेतली' म्हणतं. खोलीतून गेलं तर 'चालले' म्हणतं. द्वारकामायला कोणी पाण्याचा पेला दिला आणि काही बोललं नाही तर ती पेला फेकून मारते."

"मारते," द्वारकामायनं कबूल केलं.

"आमच्यात जो गप्प बसला तो तिथं नसतो. नाही तर असतो आणि टकमक बघत असतो. दोन्ही वाईट. मला कसं कळावं की हे तिसरंच काहीतरी आहे?"

सर थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग लक्षात येऊन घाईनं म्हणाले, "मी आहे इथंच. विचार करतोय. चूक माझी पण आहे. मुळात ते प्रत्येक हुकमानंतर आपलं नाव आणि गाव सांगत होतं. मला कटकट वाटली म्हणून मी ते काढून टाकलं. डोळ्यांनी बघणाऱ्याला नवी ओळ आलेली दिसते, त्यावरून कळतं. तुला कळायला काहीच ठेवलं नाही मी."

असं सरळ 'माझी चूक' म्हणणारा डोळस माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. पाहिला नव्हता म्हणजे तेच, तुम्ही समजून घ्या.

"आता दर वेळी 'झालं' म्हणायला लावू का त्याला?" त्यांनी विचारलं. "जमेल. सोपं आहे."

मी हो म्हणणार होते. मग डोक्यात आलं, ढिगात शेकडो पुस्तकं. प्रत्येकाला ते नाकातून झालं, झालं, झालं करत बसणार. खानावळीतल्या वाढप्यासारखं.

"नको," मी म्हणाले. "राहू द्या त्याची पद्धत. मी माझी करते. हुकूम दिला की मी स्वतः कपाटात जाऊन बघून येईन."

"हेच तर करायचं असतं," सर म्हणाले. "डोळे असणारेही करत नाहीत."

शनिवार येईपर्यंत मी रोज दुपारी तेच केलं. उचल, ठेव, गप्प राहा, जाऊन बघ. पहिले काही दिवस बोटं आपोआप पुन्हा एन्टरकडे जायची. मी हात मांडीवर दाबून धरायची. हळूहळू त्या शांततेतली भीती गेली. मग ती मला चक्क आवडायला लागली. दिवसभर माझ्या आजूबाजूला माणसं बोलत असायची, माझ्याविषयी, माझ्यासाठी, माझ्या वतीनं. हे एकटंच होतं जे सांगितलेलं करून गप्प बसायचं.

शनिवारी दुपारी लवंगेचा वास आला.

राजूरकर साहेब तोंडात लवंग ठेवायचे आणि दारात येऊन न बोलता उभे राहायचे. आम्ही विणत असताना बघत राहायचे. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर सोपं गेलं असतं. दिवाळीला साड्या आणायचा, आजारपणात गाडी पाठवायचा. पण दारातून आपलं नाव सांगायचं, हे एवढ्या वर्षांत त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

"साहेब, या ना आत," द्वारकामाय मोठ्यानं म्हणाली. "लवंग केव्हाची येऊन बसली."

साहेब खोकले. मोहरील सरांनी त्यांना मागच्या खोलीत आणलं. बाकीच्या बायांचे हात थांबले होते, वेताचा आवाज बंद झाला होता.

"याचा पडदा कुठाय?" साहेबांनी विचारलं.

"काढून ठेवला," सर म्हणाले.

"मग मी काय बघायचं?"

"आम्ही ऐकतो तेच ऐका," मी म्हणाले.

खुर्ची सरकली. ते बसले. "ठीक आहे. एक काम कर. नवीन रहस्यकथा आलीय ना, मूर्तिजापूरच्या वकिलांनी वाचलेली? ती कादंबऱ्यांच्या कपाटात लाव बघू."

ढिगात ती 'खून' या नावानं होती. मी आधी म्हणवून घेतली, आहे याची खात्री केली. मग हुकूम टाइप केला. नाकातला आवाज अक्षरं म्हणत गेला. मी एन्टर दाबलं.

शांत.

मी हात मांडीवर ठेवले.

"काय झालं?" साहेब म्हणाले. "बंद पडलं का?"

"नाही."

"बोलत का नाही मग? परत दाब."

"नाही दाबणार."

"अगं, गेलं नसेल. माझ्या घरच्यालाही दोनदा दाबावं लागतं. दाब."

सर तिथं होते, मला त्यांची सुपारी ऐकू येत होती, पण मध्ये पडले नाहीत. मला माहीत होतं, तोच हुकूम परत दिला तर ते म्हणणार, अशी फाईल नाही. आणि साहेबांच्या कानात तेवढंच राहणार. मग मी कितीही समजावलं तरी ते प्रेमानं माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणणार, असू दे, प्रयत्न केलास. त्या हातासारखं चीड आणणारं जगात काही नाही.

"साहेब, काम झालंय. झालं की हे गप्प बसतं. तुम्हाला खात्री करायची ना? मी कपाटात जाते, तुम्ही ऐका."

मी कादंबरीच्या कपाटात गेले. 'एलएस'. ते एकेक नाव म्हणायला लागलं. साहेबांची लवंग दाताखाली फुटली. यादी लांब होती, मीच आठवडाभर लावलेली. आणि मग ते म्हणालं, खून.

"ऐकलंत?"

"हं," साहेब म्हणाले.

"वाजवून दाखवते."

मी वाजवायचा हुकूम दिला. मूर्तिजापूरच्या वकिलांचा भरदार आवाज खोलीत आला. प्रकरण पहिलं. पावसाळी संध्याकाळ, बंगल्याचं फाटक उघडं, दिवाणखान्यात प्रेत. त्या प्रेताशेजारी वकिलांच्या स्वयंपाकघरातल्या कुकरनं तीन शिट्ट्या दिल्या. बाया खो खो हसल्या. साहेबसुद्धा हसले, मी ऐकलं.

मग हसणं थांबलं. मी वकिलांना बंद केलं. खुर्ची सरकली, साहेब उठले. चपला दाराकडे जायला लागल्या. एक पाऊल, दुसरं पाऊल. ते काहीच बोलले नाहीत.

बाया वाट बघत होत्या. सर वाट बघत होते. मशीनची गोष्ट वेगळी होती. त्याला माझ्याबद्दल काही वाटत नव्हतं, त्याला फक्त काम करायचं होतं. माणूस आंधळ्यासमोरून न बोलता निघून गेला की काय झालंय ते मी कोणत्या कपाटात जाऊन बघायचं?

"साहेब, थांबा," मी म्हणाले.

चपला थांबल्या.

"मला काम मिळालं की नाही?"

"बघू. समितीपुढं विषय ठेवतो. तसं काम बरं केलंस."

"समितीत तुम्ही आहात, तुमचे मेहुणे आहेत आणि डॉक्टर आहेत. डॉक्टर कधी येत नाहीत. मेहुणे तुम्ही म्हणाल तिथं सही करतात."

"पंचशीला," सर हळूच म्हणाले.

"खोटं असेल तर सांगा. साहेब, तुम्ही मान हलवली तर मला दिसत नाही. हसलात तर दिसत नाही. मनात ठरवलंत तर ते डोळसालाही दिसत नाही. मला तोंडानं सांगा. नाही असेल तर नाही सांगा, मी वेत हातात घेते. पण सांगून जा."

मला वाटलं, गेलं. तोंडानं घालवलं. आयुष्यात बऱ्याच गोष्टी मी अशाच घालवल्या आहेत आणि त्यातल्या फार थोड्यांचं वाईट वाटतं. याचं वाटलं असतं.

"मला भीती एवढीच होती," साहेब म्हणाले, आणि त्यांचा आवाज एरवीसारखा वरून आला नाही, "की उद्या काही बिघडलं तर तू काय करशील. दोष लोक तुला देतील आणि मी तुला तिथं बसवलं म्हणून मला."

"बिघडलं तर ते ओरडतं," मी म्हणाले. "तेवढं मला चांगलं ऐकू येतं."

सरांनी घसा खाकरला. ते हसू दाबणं होतं.

"एक तारखेपासून ग्रंथालय तू बघायचं," साहेब म्हणाले.

"आणि पगार आधीच्या मुलाला होता तोच?"

"तोच."

"साहेब," द्वारकामाय पुढच्या खोलीतून म्हणाली, "खिडकीकडच्या बायायले ऐकू नाही गेलं. जरा मोठ्यानं म्हणा ना बाप्पा."

आणि राजूरकर साहेबांनी पुढच्या खोलीत जाऊन ते पुन्हा म्हटलं. सभेत बोलावं तसं, माझं नाव-आडनाव घेऊन, पंचशीला तायडे, एक तारखेपासून, ग्रंथालय. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी वाजवली, आणि साहेब लवंगेसकट निघून गेले.

मी माझ्या जागेवर आले. कुठल्याशा शाळेची खुर्ची अर्धी विणून पडली होती, सोमवारी द्यायची होती. मी वेत उचलला. द्वारकामायनं तो माझ्या हातातून काढून घेतला, खुर्ची स्वतःकडे ओढली आणि मी विणलेल्या भागावरून बोटं फिरवली. एक घर, दुसरं घर, तिसऱ्यावर थांबली. मग सगळं उसवायला लागली.

"जाय माय तू त्या मशीनकडं," ती म्हणाली. "खुर्ची तं तुले कधी येतच नव्हती."